धुऱ्यावरची डी ड्राइव्ह

परवा दिवाळीत भंडाऱ्याला घरी गेलो होतो. दिवाळीची साफसफाई म्हणजे काय, तर माळ्यावरचं सामान खाली काढायचं, पुसायचं आणि तेच सामान परत वर ठेवायचं. यंदा त्या सामानात काकाजींच्या डीटीपीच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर निघाला. २००६ साली नागपूरला सीताबर्डीवरून असेंबल करून आणलेला. ५१२ एमबी रॅम, ८० जीबी हार्ड डिस्क. त्या काळी दुकानाची शान होती ती! आता भंगारवालासुद्धा नाक मुरडेल.

पण इंजिनिअर माणसाला राहवतं का? डिस्क काढली, अडॅप्टर लावून माझ्या लॅपटॉपला जोडली. आणि चक्क चालली हो! स्क्रीनवर चार ओळी आल्या. एक एनटीएफएस, एक फॅट३२, एक एक्स्ट३ आणि एक स्वॅप. म्हणजे एका बाजूला विंडोज एक्सपीचं घर, दुसऱ्या बाजूला लिनक्सचं, आणि मधे दोघांची सामायिक डी ड्राइव्ह. ही वाटणी कोणी केली? अस्मादिकांनीच. डी ड्राइव्ह उघडली तर आत एक फोल्डर, 'फाउंड.०००'. ते बघितलं आणि इतक्या वर्षांनी पुन्हा पोटात गोळा आला.

त्या फोल्डरची गोष्ट सांगायची तर आधी थोडं मागे जावं लागेल. बरंच मागे.

एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ही काही लिनक्सवाल्यांची खोडी नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पीसी जाहीर केला, तेव्हाच त्यासाठी तीन सिस्टिम सांगितल्या होत्या: पीसी-डॉस, सीपी/एम-८६ आणि यूसीएसडी पी-सिस्टिम. डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ २४० डॉलरला. कोण जिंकलं हे सांगायला नकोच. फ्लॉपी होती तोवर वाटणीचा प्रश्न नव्हता, ज्याची फ्लॉपी आत त्याचं राज्य. १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला आणि त्याच्यासोबत १० एमबीची हार्ड डिस्क. (हसू नका, त्या वेळी ती अजस्र वाटायची.) आता एवढी मोठी डिस्क एकाच सिस्टिमला द्यायची? मग डॉस २.० सोबत पार्टिशन टेबल आलं. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, शेवटाकडे, १६ बाइटच्या चार नोंदी. हिस्सा कुठे सुरू होतो, केवढा आहे आणि कोणाचा आहे. लिनक्सचा प्रकार ८३, एनटीएफएसचा ०७. थोडक्यात डिस्कचा सातबारा! चार नोंदी अशासाठी की चार वेगवेगळ्या सिस्टिम एका डिस्कवर नांदाव्यात.

पुढे ओएस/२ ने तर 'ड्युअल बूट' हे आपलं एक फीचर म्हणूनच मिरवलं. १९९१ मध्ये लिनक्स आलं आणि कॉलेजातल्या पोरांना वाटणी करायला नवा भाऊबंद मिळाला. आपल्याकडे पीसीक्वेस्ट मासिक लिनक्सच्या सीडी वाटायचं. नंतर उबंटूवाले तर फुकट सीडी पोस्टाने घरपोच पाठवायचे, २०११ पर्यंत ही योजना चालू होती. माझी सीडी अशीच आली होती. उबंटू ६.०६. पोस्टमन काकांनी परदेशी पाकीट बघून विचारलं होतं, "अमेरिकेतून नोकरी आली का बाबू?" :-)

तर २००६ ची दिवाळीची सुट्टी. मी इंजिनिअरिंगला, अंगात लिनक्स संचारलेलं, आणि हाताशी काकाजींचा नवाकोरा कॉम्प्युटर. डिस्कचे तुकडे केले, उबंटू टाकलं, आणि मग जे प्रत्येक नवा लिनक्सवाला करतो तेच केलं. सी ड्राइव्हमधलं 'प्रोग्राम फाइल्स' फोल्डर उघडलं आणि पेजमेकरच्या आयकॉनवर डबल क्लिक. डिस्क तीच, प्रोसेसर तोच, मग प्रोग्राम दोनदा का टाकायचा?

चाललं नाही अर्थातच. पण का चाललं नाही, हे समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले. विंडोजच्या प्रोग्रामची फाइल 'एम' आणि 'झेड' या दोन अक्षरांनी सुरू होते. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरची ती आद्याक्षरं. लिनक्सच्या प्रोग्रामच्या सुरुवातीला 'ई एल एफ' अशी खूण असते. हा झाला वेष्टनाचा फरक. आतल्या प्रोसेसरच्या सूचना दोघांच्या सारख्याच असतात, पण प्रोग्राम एकटा काही करत नाही. फाइल उघड, खिडकी काढ, प्रिंटरला पाठव, अशी प्रत्येक गोष्ट तो सिस्टिमकडे मागतो. आणि मागण्याची भाषा दोन्हीकडे वेगळी. पेजमेकर हाक मारायचा विंडोजला आणि घरात होतं लिनक्स. ओ कोण देणार?

त्या हाकांना लिनक्समध्ये राहून विंडोजच्या वतीने ओ देण्याचा उद्योग काही लोकांनी १९९३ मध्येच सुरू केला होता. त्याचं नाव वाइन. त्याची १.० आवृत्ती आली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षं! कारण विंडोज आत नेमकं काय करतं हे सगळं कुठे लिहिलेलं नव्हतं. एकेक हाक बाहेरून तपासून बघायची, अंदाज बांधायचा, चुकायचं, परत बांधायचा.

बरं, प्रोग्राम नाही तर नाही, निदान फाइली तरी सामायिक ठेवू. पण ठेवायच्या कुठे? सी ड्राइव्ह एनटीएफएसची. ही १९९३ मध्ये विंडोज एनटीसोबत आली, उत्तम आहे, फक्त तिचे आतले नियम मायक्रोसॉफ्टने लोकांसमोर ठेवलेले नव्हते. लिनक्सला ती वाचता यायची, पण तिच्यावर भरवशाने लिहिता येत नव्हतं. २००३ मध्ये यान क्राटोख्विल नावाच्या पठ्ठ्याने तर कमालच केली. विंडोजचीच एनटीएफएस ड्रायव्हरची फाइल उचलून ती लिनक्समध्ये चालवली! नाव ठेवलं 'कॅप्टिव्ह', म्हणजे कैदी. मला विचाराल तर 'प्रोग्राम फाइल दोन्हीकडे वापरणे' याचं इतकं शब्दशः उदाहरण दुसरं नाही. एनटीएफएस-३जी हा लिहू शकणारा भरवशाचा ड्रायव्हर स्थिर म्हणून जाहीर झाला फेब्रुवारी २००७ मध्ये, आणि उबंटूसोबत आपोआप यायला लागला ऑक्टोबर २००७ च्या ७.१० मध्ये. माझी दिवाळी २००६ ची. म्हणजे वर्षभर आधीची.

उरलं काय? फॅट. १९७७ मध्ये मार्क मॅकडोनाल्ड या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरने फ्लॉपीसाठी लिहिलेली पद्धत. साधी, म्हातारी आणि सगळ्यांना पाठ. कॅमेरा, पेन ड्राइव्ह, मॅक, लिनक्स, सगळ्यांना कळते. फाइल ४ जीबीच्या आत हवी ही अट, पण लग्नपत्रिका कुठे ४ जीबीची असते? तर डी ड्राइव्ह झाली फॅट३२, आणि दोन घरांच्या मधला धुरा ठरला. (आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात. तिकडे पुण्यात काय म्हणतात ते तुम्ही सांगा.)

धुऱ्यावर मात्र घर बांधता येत नाही. फाइल कोणाच्या मालकीची, ती चालवायची परवानगी कोणाला, हे फॅटमध्ये नोंदवायची सोयच नाही. लिनक्सचे प्रोग्राम या नोंदींवर उभे असतात. म्हणून डी ड्राइव्हवर लिनक्सचे प्रोग्राम टाकण्याचा माझा दुसरा प्रयोगही फसला. जे दोन्हीकडे खरंच चाललं त्याची यादी छोटी आहे. थंडरबर्डची ईमेलची प्रोफाइल, फायरफॉक्सचे बुकमार्क, जावाच्या जार फाइली, गाणी, फोटो. आणि फाँट! ट्रूटाइप फाँटची फाइल विंडोजच्या फोल्डरमधून उचलून लिनक्समध्ये ठेवली की लगेच चालते, कारण तिची रचना छापून सगळ्यांना दिलेली आहे.

इथे मराठी माणसाची वेगळीच गंमत होते बघा. काकाजींचं सगळं काम त्या काळच्या एका मराठी सॉफ्टवेअरवर. त्यात 'क' हा खरा 'क' नसतोच. फाइलीत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फाँट त्याला 'क'चा मुखवटा घालतो. कुठल्या अक्षराला कुठला मुखवटा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. खरं तर इस्कीसारखं भारतीय मानक १९९१ मध्ये होतं, युनिकोडही त्याच वर्षी आलं होतं, विंडोज २००० मध्ये मंगल फाँटही आला होता. पण बाजारात चालायचं ते मुखवट्यांचंच. फाँट लिनक्समध्ये नेला तर मजकूर वाचता यायचा, नाही नेला तर नुसतं कडबोळं. आणि फाँट आला तरी टायपिंगचा कीबोर्ड म्हणजे प्रोग्राम, तो राहिला विंडोजमध्येच. मुखवटे आले, नट आले नाहीत.

आणखी दोन भांडणं सांगतो. एक, फाइलींना हौसेने मराठी नावं दिली तर लिनक्समध्ये सगळीकडे प्रश्नचिन्हं. '????? ??????' अशी पत्रिका कोणाची ते ओळखा! ड्राइव्ह जोडताना 'यूटीएफ८' असं वेगळं सांगावं लागायचं. दुसरं भांडण घड्याळाचं. मदरबोर्डवरचं घड्याळ एकच, पण लिनक्स त्यात ग्रिनिचची वेळ लावतं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. काकाजी सकाळी साडेदहाला दुकान उघडायचे आणि कॉम्प्युटर म्हणायचा पहाटेचे पाच! फरक बरोब्बर साडेपाच तासांचा. काकाजींना वाटायचं मदरबोर्डचा सेल गेला. दोन सेल बदलले बिचाऱ्यांनी.

इथपर्यंत सगळी गंमत होती.

मग आला २००७ चा उन्हाळा. लग्नसराई जोरात, आणि लोडशेडिंग त्याहून जोरात. यूपीएस किंचाळायला लागला की काकाजी धावत जाऊन विंडोज 'हायबरनेट' करायचे. मीच शिकवलं होतं. सगळी उघडी कामं जशीच्या तशी डिस्कवर उतरतात आणि वीज आली की तिथूनच पुढे सुरू. अत्यंत सोयीचं. एका दुपारी वीज आली, काकाजी जेवायला घरी गेले होते, मी दुकानात एकटा. कॉम्प्युटर चालू केला, मेनूमध्ये लिनक्स निवडलं, आणि डी ड्राइव्हवर माझी गाणी न् दोन सिनेमे कॉपी केले. बंद केलं. काकाजी आले, त्यांनी विंडोज चालू केलं. ते झोपेतून उठलं.

काय झालं असेल ते फाइल सिस्टिमवाल्यांच्या लक्षात आलंच असेल. हायबरनेट केलेलं विंडोज म्हणजे बंद केलेलं विंडोज नव्हे. डी ड्राइव्हवर कुठली फाइल कुठे आहे, कुठली जागा रिकामी आहे, याचा तक्ता त्याने डोक्यात धरून डोळे मिटलेले असतात. मधल्या वेळात मी त्या रिकाम्या जागा भरल्या. उठल्यावर विंडोजने आपला जुना तक्ता खरा मानला आणि त्याच जागांवर लिहायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत पत्रिकांचं फोल्डर उघडेना. तपासणीचा प्रोग्राम चालवला, तर त्याने तुटलेले तुकडे गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवले. फाउंड.०००. आत फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके... नाव नाही, गाव नाही.

पुढच्या आठवड्यातल्या लग्नांच्या पत्रिका होत्या त्यात. ज्यांचे बटर पेपरवर प्रिंट निघालेले होते त्या वाचल्या. बाकीच्या काकाजींनी दोन रात्री बसून परत टाइप केल्या. मी शेजारी बसून हातच्या कागदावरून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचून दाखवत होतो. रागावतील, हाकलून देतील असं वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "बाबू, वाटनी केली तं केली. पन धुरा कोनाचा, कोन केव्हा जाईन, हे बोलून ठेवलं नाही का भांडन होतेच." आणि परत टायपिंगला लागले.

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण हे आमच्या जिल्ह्याच्या इतिहासात जरा मोठ्या अक्षरात लिहिलेलं आहे. भंडारा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी इथे तलाव बांधले, त्यांवर धान पिकवलं. पुढे गावं मालगुजारांकडे आली. तलाव मालगुजाराचा, पण पाण्यावर हक्क गावातल्या अनेकांचा. कोणाला कधी पाणी, पाळ फुटली तर कोणी माती टाकायची, हे रिवाजाने ठरलेलं असे, आणि इंग्रजांच्या बंदोबस्तात गावाचे रिवाज 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात नोंदले जायचे. तेव्हा आम्ही मध्य प्रांतात होतो ना! १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. लोकांना 'माजी मालगुजारी' म्हणणं लांब पडलं, त्यांनी 'मामा तलाव' करून टाकलं. पाणी, गवत, मासोळी यांचे हक्क निस्तार पत्रकात लिहिले गेले. हक्क लिहिलेले होते म्हणून लोकांना दाखवता आले. गाळ कोणी काढायचा याची जुनी रीत मात्र मालगुजारीबरोबर सुटली, आणि कितीतरी मामा तलाव वर्षानुवर्षं गाळाने भरत गेले.

तलाव आणि डी ड्राइव्ह, तुलना ओढूनताणून वाटेल. पण माझं नुकसान फॅटमुळे झालं नव्हतं. फॅटचे नियम दोघांना पाठ होते. 'एक झोपलेला असताना दुसऱ्याने आत जायचं नाही' हा नियम कुठे नोंदवलेला नव्हता, ना डिस्कवर, ना काकाजींच्या आणि माझ्या बोलण्यात. दोन सिस्टिम एकमेकींशी कधी बोलत नाहीत, कारण एक जागी असते तेव्हा दुसरी नसतेच. त्यांच्यात निरोप जाणार तो फक्त डिस्कवर लिहिलेल्या गोष्टींतून. जे लिहिलं नाही ते त्यांच्यासाठी घडलंच नाही.

पुढचा इतिहास हा एकेक नियम लिहून ठेवण्याचाच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने वर्डच्या जुन्या डीओसी फाइलींची रचना प्रसिद्ध केली. फॅटमधल्या लांब नावांच्या पेटंटवरून २००९ मध्ये टॉमटॉमवर खटला भरणाऱ्या त्याच कंपनीने २०१९ मध्ये एक्सफॅटचे नियम खुले केले आणि ती लिनक्सच्या कर्नेलमध्ये आली. २०२१ मध्ये कर्नेल ५.१५ सोबत लिहिता येणारा नवा एनटीएफएस ड्रायव्हरही आला. डब्ल्यूएसएल २ मुळे २०२० पासून खरं लिनक्स कर्नेल विंडोजच्या पोटातच चालतं. वाटणीच नको, एकत्र कुटुंब! पण ज्यांच्याकडे अजून ड्युअल बूट आहे त्यांनी सांभाळा. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलंय, म्हणजे तुम्ही 'शट डाउन' म्हणता आणि ते अर्धवट हायबरनेट होतं. बरी गोष्ट ही की एनटीएफएस-३जी आता झोपलेलं विंडोज ओळखतो आणि फक्त वाचू देतो, लिहू देत नाही. कोणाची तरी ड्राइव्ह माझ्या काकाजींसारखी गेली असणार, तेव्हाच हा नियम कोणीतरी लिहिला.

असो. तर परवा त्या फाउंड.००० मधली एक फाइल सहज उचलली, नाव बदलून शेवटी 'डीओसी' लावलं आणि लिब्रेऑफिसमध्ये उघडली. उघडली! आत सगळं कडबोळं, इंग्रजी अक्षरं न् चिन्हं. मग सी ड्राइव्हवर गेलो, विंडोजच्या फाँट फोल्डरमधून तो जुना फाँट काढला, माझ्या लिनक्समध्ये ठेवला. कडबोळ्यावरून मुखवटे सरकले आणि शब्द उमटले. चिरंजीव, चि. सौ. कां., मंगल कार्यालय, मोहाडी, जेवणाची वेळ दुपारी बारा. मे २००७.

काकाजींना हाक मारली. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचली. मग म्हणाले, "हे तं मी रात्री दोन वाजता परत टाइप केली होती. अन् तवा वधूच्या मामाचं नाव सुटलं होतं. हे पाय, इथं आहे."

ती चूक त्यांच्या लक्षात इतकी वर्षं होती, हे मला तेव्हा कळलं. डिस्क परत माळ्यावर ठेवली नाही. पुण्याला घेऊन आलोय. फाइल००००पासून सुरुवात केलीय, आणि उघडेल ती युनिकोडमध्ये करून काकाजींना पाठवतोय.